दारिद्र्यनिर्मूलन धोरणावरील लोकसंघटनांचा प्रभाव : रोजगार हमीच्या विशेष संदर्भात एक विवेचन

सारांश :
दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजना शासन आखते आणि गरीब जनता त्यांचा लाभ घेते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी रोजगार हमीच्या इतिहासाच्या आधारे केली आहे. महाराष्ट्राचा १९७७ चा रोजगार हमी अधिनियम, राजस्थानातील माहितीच्या अधिकाराची चळवळ, अन्न अधिकार अभियान आणि २००५ चा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा या टप्प्यांवर लोकसंघटनांनी कोणत्या मार्गांनी धोरण घडविले, बदलले व राखले, तसेच त्यांच्या प्रभावाच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : लोकसंघटना, रोजगार हमी, किमान वेतन, जनसुनावणी, सामाजिक अंकेक्षण

१. प्रस्तावना

लोकशाहीत गरिबांची संख्या मोठी असते आणि प्रत्येकाला एक मत असते. या न्यायाने पाहिल्यास शासनाची धोरणे आपोआपच गरिबांच्या बाजूने झुकावयास हवीत. प्रत्यक्षात तसे घडत नाही. शेतमजूर, अल्पभूधारक, आदिवासी, स्थलांतरित कामगार हे संख्येने अधिक असले तरी विखुरलेले असतात. त्यांचा दिवस पोट भरण्याच्या धडपडीत जातो. तहसील कार्यालयात एक हेलपाटा म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे होय. याउलट ज्यांचे हितसंबंध आधीच संघटित आहेत, त्यांना मंत्रालयापर्यंतची वाट माहीत असते. म्हणूनच संख्येचे रूपांतर सामर्थ्यात करणारा दुवा कोणता, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. हा दुवा म्हणजे लोकसंघटना होय.

महाराष्ट्रातील वाचकाला हा विषय परका नाही. १९७२ च्या दुष्काळाची आठवण आजही ग्रामीण महाराष्ट्रात सांगितली जाते. खडी फोडण्याची कामे, सुकडी, मिलो ज्वारी हे शब्द त्या पिढीच्या बोलण्यात रुतून बसले आहेत. त्याच दुष्काळातून ‘मागेल त्याला काम’ हे तत्त्व पुढे कायद्याच्या रूपाने साकार झाले. तीन दशकांनंतर तेच तत्त्व देशाने स्वीकारले. या प्रवासात प्रशासक, राजकारणी व अर्थतज्ज्ञ यांचा वाटा होताच. परंतु मोर्चे काढणारे, हजेरीपट वाचून दाखविणारे आणि न्यायालयात अर्ज करणारे सामान्य मजूर नसते तर हा प्रवास पूर्ण झाला असता काय, हा प्रश्न या लेखाच्या मुळाशी आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) दारिद्र्यनिर्मूलन धोरणाच्या विविध टप्प्यांवर लोकसंघटनांची भूमिका स्पष्ट करणे.
२) लोकसंघटना धोरणावर ज्या साधनांद्वारे प्रभाव टाकतात, त्यांचे वर्गीकरण करणे.
३) या प्रभावाच्या मर्यादांचा शोध घेणे व काही सूचना करणे.

लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायद्यांतील तरतुदी, न्यायालयीन निर्णय व प्रकाशित अभ्यास अशा दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

३. संकल्पना स्पष्टीकरण

‘लोकसंघटना’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. येथे तो मर्यादित अर्थाने घेतला आहे. ज्यांच्या प्रश्नासाठी संघटना उभी आहे तेच तिचे सभासद असतात व निर्णयात त्यांचा वाटा असतो, तेव्हा ती लोकसंघटना होय. स्वयंसेवी संस्था बहुधा सेवा पुरविते, म्हणजे दवाखाना चालविते, प्रशिक्षण देते, बचत गट स्थापन करते. लोकसंघटना मुख्यतः हक्काची मागणी करते. व्यवहारात ही सीमारेषा पुसट असते. अनेक संघटना दोन्ही कामे करतात. तरीही भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण सेवा देणारी संस्था शासनाची पूरक असते, तर हक्क मागणारी संघटना शासनाला उत्तरदायी बनविते.

‘धोरण’ या शब्दाचाही केवळ कायदा असा अर्थ घेणे अपुरे आहे. धोरणाचे चार टप्पे मानता येतील : प्रश्नाची मांडणी, कायदा वा योजनेची निर्मिती, अंमलबजावणी आणि त्या धोरणाचे संरक्षण. या चारही टप्प्यांवर संघटनांचे काम निराळे असते व त्यासाठी लागणारे कौशल्यही निराळे असते.

४. प्रश्नाची मांडणी : मदतीकडून हक्काकडे

दुष्काळात कामे काढण्याची पद्धत ब्रिटिश काळापासून चालत आली होती. मात्र ते काम म्हणजे संकटकाळातील मदत होती. संकट सरले की काम बंद होई. शासनाची मर्जी आणि तिजोरीची स्थिती यांवर ते अवलंबून असे. मजुराच्या बाजूने त्यात हक्काचा अंश नव्हता.

ही चौकट बदलण्याची कल्पना प्रथम मांडणाऱ्यांत विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात १९६० च्या दशकात त्यांच्या प्रेरणेने ग्रामीण रोजगाराचा प्रयोग झाला. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला आणि ग्रामीण भागात सार्वजनिक कामांद्वारे रोजगार पुरविण्याची गरज प्रतिपादन केली. अशा रीतीने विचार उपलब्ध होता; पण विचार उपलब्ध असणे आणि शासनाने तो स्वीकारणे यांत मोठे अंतर असते.

ते अंतर १९७० ते १९७३ या सलग दुष्काळाने आणि त्या काळातील आंदोलनांनी कमी केले. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख लोक राबत होते. दारिद्र्यात विखुरलेला मजूर प्रथमच एका ठिकाणी, एकाच कामावर, एकाच तक्रारीसह एकत्र आला. मजुरी उशिरा मिळते, मोजमाप चुकीचे होते, धान्य मिळत नाही, या तक्रारी प्रत्येक कामावर सारख्याच होत्या. लाल निशाण पक्ष, समाजवादी, साम्यवादी, शेतकरी कामगार पक्ष यांच्याशी संलग्न असलेल्या शेतमजूर संघटनांनी या मजुरांचे मोर्चे, घेराव व संप घडवून आणले. त्याच सुमारास मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली महागाईविरोधी महिला आंदोलन उभे राहिले. तत्कालीन धुळे जिल्ह्यातील शहादा परिसरात श्रमिक संघटनेच्या रूपाने आदिवासी शेतमजूर संघटित होत होते.

या आंदोलनांचे खरे यश मागणीच्या भाषेत आहे. ‘आम्हाला मदत द्या’ या विनंतीच्या जागी ‘आम्हाला काम द्या आणि कामाचा दाम द्या’ ही मागणी आली. विनंती नाकारता येते. हक्क नाकारावयाचा तर कारण द्यावे लागते. धोरणाच्या पहिल्या टप्प्यावर संघटनेचे कार्य नेमके हेच असते. ती प्रश्नाचे नाव बदलते.

५. कायद्याची निर्मिती : हितसंबंधांची युती

महाराष्ट्र विधिमंडळाने १९७७ साली रोजगार हमी अधिनियम संमत केला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील जी प्रौढ व्यक्ती अकुशल शारीरिक काम करण्यास तयार आहे, तिला काम पुरविणे हे शासनाचे बंधनकारक कर्तव्य ठरले. काम न पुरविल्यास बेकारी भत्ता देण्याची तरतूद झाली. संविधानाच्या अनुच्छेद ४१ मधील कामाच्या अधिकाराचे मार्गदर्शक तत्त्व एका राज्याने कायद्यात उतरविले.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. ग्रामीण सत्ता मुख्यतः बागायतदार व मोठ्या शेतकऱ्यांच्या हाती असताना, ज्यामुळे शेतमजुरांची सौदाशक्ती वाढेल असा कायदा विधिमंडळाने का मान्य केला? याचे उत्तर हितसंबंधांच्या युतीत सापडते. योजनेतून पाझर तलाव, नाला बांध, बांधबंदिस्ती, रस्ते ही कामे होणार होती व त्यांचा लाभ जमीनधारकांना मिळणार होता. ग्रामीण मजुराला गावातच काम मिळाले तर मुंबईकडे येणारा लोंढा कमी होईल, असे शहरी वर्गाला वाटत होते. म्हणूनच १९७५ पासून नोकरदार व व्यावसायिकांवर लावलेल्या व्यवसाय कराचा पैसा या योजनेसाठी वापरण्यास फारसा विरोध झाला नाही. त्या कराच्या उत्पन्नाला राज्य शासनाने आपल्या निधीची जोड दिली. योजनेला स्वतःचा पैशाचा स्रोत लाभला, ही बाब तिच्या दीर्घायुष्याचे एक प्रमुख कारण ठरली.

यातून लोकसंघटनांना मिळणारा धडा स्पष्ट आहे. केवळ पीडितांच्या बळावर कायदा क्वचितच होतो. इतर वर्गांचा लाभ वा किमान त्यांची संमती जोडून घ्यावी लागते. मात्र या युतीची किंमतही असते. कामांची निवड मजुरांच्या गरजेनुसार न होता जमीनधारकांच्या सोयीने होऊ लागते, आणि संघर्षाचे पुढचे पान तेथेच उघडते.

६. अंमलबजावणी : नमुना ४ ते हजेरीपट

कायद्याने हक्क दिला तरी तो मागावा लागतो. रोजगार हमीत मजुराने नाव नोंदवून नमुना ४ मध्ये कामाची लेखी मागणी करावयाची असते. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्त्याचा हक्क उत्पन्न होतो. ही साधी दिसणारी प्रक्रिया संपूर्ण हमीचा कणा आहे. अर्ज घेतलाच नाही, अथवा घेऊन पोच दिली नाही, तर मागणी झालीच नाही असे कागदावर सिद्ध होते. मग भत्ता देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. निरक्षर मजुराला एकट्याने ही पोच मिळविणे कठीण. पन्नास मजुरांनी एकत्र जाऊन अर्ज दिल्यास ती नाकारणे कठीण. संघटनेचा प्रभाव येथे घोषणेत नसतो, पोचपावतीत असतो.

दुसरा प्रश्न मजुरीचा. या कामांवर मजुरी खोदलेल्या मातीच्या मोजमापावर ठरते. जमीन कठीण मुरमाची असेल किंवा माती लांब वाहून टाकावी लागत असेल तर दिवसभर राबूनही ठरलेली मजुरी पडत नाही. स्त्रिया, वृद्ध व कुपोषित मजुरांना याचा फटका अधिक बसतो. त्यामुळे दरसूची, मोजमापाची वेळ, मुकादमाची हजेरी हे विषय संघटनांच्या मागण्यांत सातत्याने येत राहिले. न्यायालयांनीही यात महत्त्वाची भूमिका बजावली. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली संजित रॉय विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात दुष्काळी कामांवरही किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देणे हे संविधानाच्या अनुच्छेद २३ चा भंग करणारे आहे, असा निर्णय दिला. हा अर्ज तिलोनिया येथील एका सामाजिक संस्थेच्या संचालकाने केला होता, हे लक्षणीय आहे.

महाराष्ट्रात १९८८ साली रोजगार हमीची मजुरी किमान वेतनाशी जोडली गेली व ती जवळजवळ दुप्पट झाली. हे संघटनांच्या दीर्घ लढ्याचे यश होते. परंतु त्यानंतर कामाचे प्रमाण घटले. मजुरी वाढली, निधी मात्र त्या प्रमाणात वाढला नाही. प्रशासनाने नवी कामे सुरू करण्यात हात आखडता घेतला व अप्रत्यक्षपणे कामाचे वाटप मर्यादित झाले. दराची लढाई जिंकताना कामाच्या उपलब्धतेवर आणि अंदाजपत्रकावर पहारा ठेवावा लागतो, अन्यथा हक्क कागदावर वाढतो व जमिनीवर आकसतो. हा धडा पुढे देशपातळीवरही उपयोगी ठरणारा होता.

तिसरा प्रश्न कामाच्या स्वरूपाचा. १९८० च्या दशकात सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळीने याविषयी मूलभूत भूमिका घेतली. वर्षानुवर्षे खडी फोडून दुष्काळ हटत नाही. मजुरांचे श्रम पाणी व माती राखणाऱ्या उत्पादक कामांत गुंतविले पाहिजेत, अशी ही मागणी होती. मुंबईतील १९८२ च्या गिरणी संपानंतर गावी परतलेल्या कामगारांचाही या चळवळीत सहभाग होता. येरळा नदीवरील बळीराजा धरणाच्या रूपाने त्यांनी पर्याय प्रत्यक्ष उभा करून दाखविला, आणि भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा मिळावा हे तत्त्व मांडले. केवळ विरोध न करता पर्याय उभा केल्यास शासनाला संघटनेचे म्हणणे डावलणे अवघड जाते, याचे हे उदाहरण होय.

७. महाराष्ट्राकडून देशाकडे

राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटना १ मे १९९० रोजी स्थापन झाली. तिचीही सुरुवात दुष्काळी कामांवरील किमान वेतनाच्या प्रश्नातून झाली होती. मजुरी कमी मिळते कारण काम कमी झाले असे नोंदविले जाते, आणि ती नोंद मजुराला पाहावयास मिळत नाही, हे संघटनेच्या लक्षात आले. म्हणजेच वेतनाचा प्रश्न मुळात माहितीचा प्रश्न होता. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनावणी झाली. हजेरीपट व देयके गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचली जाताच जे लेखापरीक्षणात कधी दिसले नव्हते ते उघड झाले. कामावर कधीच न आलेल्यांच्या नावे मजुरी उचललेली आढळली. एप्रिल १९९६ मध्ये ब्यावर येथे चाळीस दिवसांचे धरणे झाले. राजस्थानात २००० साली व महाराष्ट्रात २००२ साली माहितीच्या अधिकाराचे कायदे झाले. महाराष्ट्रात त्यामागे अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा वाटा होता. २००५ साली केंद्रीय कायदा आला.

याच काळात अन्नाच्या प्रश्नावर वेगळ्या मार्गाने लढा सुरू होता. सरकारी कोठारांत धान्याचे प्रचंड साठे असताना राजस्थानात दुष्काळामुळे उपासमार होत आहे, या विसंगतीकडे लक्ष वेधून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने एप्रिल २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशाने शाळांतून शिजविलेले मध्यान्ह भोजन देण्याचे बंधन राज्यांवर आले. याचिकेभोवती अन्न अधिकार अभियान उभे राहिले. न्यायालयाने नेमलेले आयुक्त राज्यांकडून अहवाल मागवीत आणि अभियानातील संघटना गावपातळीवरची वस्तुस्थिती कळवीत. न्यायालय, आयुक्त व संघटना यांचे हे सहकार्य २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याची पूर्वपीठिका ठरले.

रोजगार हमीचा राष्ट्रीय कायदा हा या दोन्ही प्रवाहांचा संगम होय. २००४ च्या सत्तांतरानंतर स्थापन झालेल्या राष्ट्रीय सल्लागार परिषदेत अरुणा रॉय व ज्याँ द्रेझ हे चळवळीशी निगडित सदस्य होते. तथापि डिसेंबर २००४ मध्ये संसदेत मांडलेले विधेयक दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांपुरते मर्यादित होते. हे मान्य झाले असते तर ज्यांचे नाव यादीतून सुटले ते सर्व वंचित राहिले असते. २००५ च्या उन्हाळ्यात संघटनांनी अनेक राज्यांतून रोजगार अधिकार यात्रा काढली. संसदेच्या स्थायी समितीनेही विस्तृत व्याप्तीची शिफारस केली. अखेरीस ऑगस्ट २००५ मध्ये संमत झालेल्या कायद्यात प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षात १०० दिवस कामाची हमी मिळाली. ठेकेदारांवर बंदी, लाभार्थ्यांत किमान एकतृतीयांश स्त्रिया, कामांच्या निवडीत ग्रामसभेचा अधिकार, अभिलेख सर्वांसाठी खुले ठेवणे आणि कलम १७ नुसार ग्रामसभेमार्फत सामाजिक अंकेक्षण या तरतुदी चळवळींच्या अनुभवातून आल्या. कोट किरानाची जनसुनावणी अकरा वर्षांनी कायद्याचे कलम झाली, असे म्हणता येईल.

हा कायदा २ फेब्रुवारी २००६ पासून २०० जिल्ह्यांत व एप्रिल २००८ पासून देशातील सर्व ग्रामीण जिल्ह्यांत लागू झाला. त्याचे सामर्थ्य टाळेबंदीच्या वर्षी दिसून आले. २०२०-२१ मध्ये शहरांतून परतलेल्या मजुरांसह ग्रामीण कुटुंबांना सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवसांचा रोजगार मिळाला. नवी योजना आखण्यास त्या वेळी अवधी नव्हता. हक्क अगोदरच अस्तित्वात होता म्हणून तो उपयोगी पडला.

८. शहरी अनुभव : मोजणीचे सामर्थ्य

ग्रामीण उदाहरणांना शहरी अनुभवाची जोड देणे उचित ठरेल. मुंबईत पदपथांवर राहणाऱ्या कुटुंबांची सरकारदरबारी नोंदच नव्हती. १९८५ साली स्पार्क या संस्थेने भायखळा परिसरातील पदपथवासीयांची पाहणी प्रसिद्ध केली. ते कोठून आले, काय काम करतात, किती वर्षांपासून राहतात, ही माहिती पुढे आली. पुढे राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ व महिला मिलन यांच्या साहाय्याने वस्त्यांनी स्वतःची गणना स्वतः करण्याची पद्धत विकसित झाली व रेल्वेमार्गालगतच्या कुटुंबांच्या पुनर्वसनात ती उपयोगी पडली. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचक स्त्रियांना ‘कामगार’ ही ओळख मिळवून दिली. महानगरपालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था घरोघरच्या कचरा संकलनात उतरली. त्यापूर्वी १९६९ चा माथाडी कायदा हमालांच्या संघटनशक्तीतूनच साकारला होता. ज्यांची मोजणी होत नाही त्यांच्यासाठी तरतूद होत नाही. म्हणून स्वतःची आकडेवारी तयार करणे हे संघटनेचे प्रभावी साधन ठरते.

९. प्रभावाची साधने

उपरोक्त विवेचनावरून लोकसंघटनांच्या साधनांचे पुढीलप्रमाणे वर्गीकरण करता येईल :
१) सामूहिक कृती : मोर्चा, धरणे, संप यांद्वारे प्रश्नाकडे लक्ष वेधणे व विनंतीचे हक्कात रूपांतर करणे.
२) पुरावा : लेखी मागणी, पोच, गणना, हजेरीपटाची पडताळणी यांद्वारे दाव्याला आधार देणे.
३) न्यायालयीन मार्ग : संविधानातील मूलभूत हक्कांच्या आधारे शासनावर बंधन आणणे.
४) युती : अभ्यासक, लोकप्रतिनिधी, संवेदनशील अधिकारी व इतर वर्ग यांना जोडून घेणे.
५) पर्यायाची उभारणी : छोट्या प्रमाणावर प्रयोग करून धोरणाची व्यवहार्यता दाखविणे.
६) लोकपरीक्षण : जनसुनावणी व सामाजिक अंकेक्षणाद्वारे अंमलबजावणीवर नजर ठेवणे.

यांपैकी कोणतेही एक साधन एकट्याने पुरे पडलेले दिसत नाही. मोर्चाविना याचिका दुबळी ठरते, पुराव्याविना मोर्चा विसरला जातो आणि गावात संघटना नसेल तर न्यायालयाचा आदेश फायलीत राहतो.

१०. मर्यादा

लोकसंघटनांच्या प्रभावाचे गौरवीकरण करणे अभ्यासाच्या दृष्टीने योग्य नाही. पहिली मर्यादा म्हणजे गरज व संघटन यांचा मेळ नेहमी बसत नाही. मागणीवर आधारित योजनेत जेथे संघटना बळकट तेथे काम निघते. जेथे दारिद्र्य सर्वाधिक पण संघटना नाही, तेथे मागणीच नोंदली जात नाही आणि ‘कामाची गरज नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. दुसरी मर्यादा नेतृत्वाची. धोरणकर्त्यांशी संवाद साधणारे नेतृत्व बहुधा शिक्षित मध्यमवर्गातून येते. मजुरांतून, विशेषतः मजूर स्त्रियांतून दुसरी फळी उभी न राहिल्यास संघटना व्यक्तिकेंद्रित बनते. तिसरी मर्यादा राजकीय अनुकूलतेची. सल्लागार परिषदेसारखे प्रवेशद्वार सत्तेच्या इच्छेने उघडते व तिच्याच इच्छेने बंद होते. चौथी मर्यादा प्रशासकीय तंत्राची. मजुरी प्रलंबित राहणे, भ्रमणध्वनीवरील उपयोजनाद्वारे हजेरी, आधार-संलग्न वेतन या बदलांमुळे तक्रारीचा उंबरठा गावातून दूर गेला. मुकादमाला घेराव घालता येतो. संगणकप्रणालीला घालता येत नाही.

११. धोरणाचे संरक्षण : सद्यःस्थिती

मिळालेला हक्क कायमचा असतो असे नाही. पश्चिम बंगालमध्ये गैरव्यवहाराच्या कारणावरून केंद्राने मार्च २०२२ पासून योजनेचा निधी रोखला. तेथील शेतमजुरांच्या संघटनेने न्यायालयात दाद मागितली. जून २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने १ ऑगस्टपासून योजना पुन्हा सुरू करण्याचा आदेश दिला. गैरव्यवहार करणाऱ्यांवर कारवाई व्हावी, परंतु त्याची शिक्षा सर्व मजुरांना होऊ नये, हे तत्त्व त्यातून अधोरेखित झाले. मात्र मधल्या तीन वर्षांत जे काम मिळाले नाही, ते कोणत्याही आदेशाने परत मिळणारे नव्हते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी नवा कायदा संमत केला. त्यात कामाचे दिवस १०० वरून १२५ करण्यात आले. त्याचबरोबर बहुतांश राज्यांसाठी केंद्र व राज्य यांच्या खर्चाचे प्रमाण ६०:४० ठरविण्यात आले, राज्यनिहाय निधीवाटप केंद्राने निश्चित करावे आणि शेतीच्या हंगामात एकूण ६० दिवसांपर्यंत कामे थांबविता यावीत अशा तरतुदी आल्या. समर्थकांच्या मते यामुळे दिवस वाढले, शेतीला मजूर मिळतील व राज्यांची जबाबदारी वाढेल. टीकाकारांच्या मते निधीला आगाऊ मर्यादा घातल्याने मागणीनुसार कामाची हमी क्षीण होईल. या वादाचा निर्णय अनुभवानेच होईल. परंतु महाराष्ट्राचा १९८८ नंतरचा अनुभव येथे विसरता येत नाही. कायद्यातील आकडा वाढणे आणि मजुराला प्रत्यक्ष मिळणारे दिवस वाढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांना जोडणारा दुवा निधी व मागणी यांचा असतो. तो दुवा टिकविणे हे यापुढे संघटनांचे प्रमुख कार्य राहील.

१२. निष्कर्ष

१) दारिद्र्यनिर्मूलनाचे धोरण हे शासनाची देणगी नसून विचार, राजकीय निर्णय व संघटित मागणी यांच्या संयोगातून ते आकारास येते.
२) लोकसंघटनांचा प्रभाव कायदा होईपर्यंतच्या काळात ठळक दिसतो, प्रत्यक्षात त्याची खरी कसोटी अंमलबजावणी व संरक्षण या टप्प्यांवर असते.
३) कायदा व संघटना यांचे नाते परस्परपूरक आहे. कायद्यामुळे मागणीला आधार मिळून संघटन सुलभ होते आणि संघटनेमुळे कायदा जिवंत राहतो.
४) योजनेला स्वतंत्र व पुरेसा निधी नसेल तर हक्काचा विस्तार त्याच हक्काच्या संकोचास कारणीभूत ठरू शकतो.

१३. सूचना

१) कामाच्या मागणीची दिनांकित पोच देणे सक्तीचे असावे व पोच नाकारणाऱ्या कर्मचाऱ्यावर जबाबदारी निश्चित करावी.
२) सामाजिक अंकेक्षण करणारी यंत्रणा अंमलबजावणी करणाऱ्या विभागापासून निधी व नियुक्ती या दोन्ही बाबतींत स्वतंत्र असावी.
३) जेथे मजुरांची संघटना नाही अशा गावांत ग्रामसभेतून मागणी नोंदविण्याचे विशेष दिवस ठेवावेत, जेणेकरून मागणीचा अभाव हा गरजेचा अभाव समजला जाणार नाही.
४) लोकसंघटनांनी जिल्हा व राज्य अंदाजपत्रकाच्या अभ्यासाचे प्रशिक्षण मजूर कार्यकर्त्यांना, विशेषतः स्त्रियांना द्यावे.
५) महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना विभागांनी शिबिराच्या गावांत हजेरीपट व कामांच्या पडताळणीत ग्रामसभेस साहाय्य करावे. विद्यार्थ्यांना दारिद्र्याचा अभ्यास त्यातून अधिक सखोलपणे होईल.

एकंदरीत पाहता, १९७२ च्या उन्हात खडी फोडणाऱ्या मजुराने मागितले ते दान नव्हते. त्याने आपल्या श्रमाचा बाजार शासनाने राखावा एवढेच मागितले. ती मागणी कायद्यात रूपांतरित होण्यास अनेक हात लागले. ती कायद्यात टिकून राहण्यास त्याहून अधिक हात लागतील.